हैदराबादेत समुद्र कुठे आहे?

(दहावी १९८९ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं आणि 'माझं काम' असा विषय दिला आहे. आपल्या ग्रुपवर हा विषय गेली पाच-सहा वर्षं दर पावसाळ्यात निघतो. कुणी विचारतं, "ए, तू समुद्रातलं काहीतरी करतेस ना, मग उद्या गाड्या बंद पडणार का ते सांग." कुणाला वाटतं मी पाणबुडीतून फिरते. आणि सगळ्यात रास्त प्रश्न आपल्या शेवटच्या बाकावरच्या मंडळींनी विचारला होता: "तू समुद्राचं काम करतेस आणि राहतेस हैदराबादला. हैदराबादेत समुद्र कुठे आहे?"

नाही. हुसेनसागर आहे, तो तलाव आहे. तरीही हिंदी महासागराची रोजची खबर गोळा होते ती हैदराबादेत. तिथे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, 'इन्कॉइस' म्हणतात त्याला, १९९९ मध्ये सुरू झालेलं. समुद्रापासून कित्येक तास दूर बसून समुद्र मोजता येतो, कारण बातमी किनाऱ्याने येत नाही, आकाशातून येते. वीस मिनिटं मी त्याच बातमीबद्दल बोलणार आहे.

आधी यंत्र. आम्ही त्याला नुसतं 'फ्लोट' म्हणतो. माणसाच्या छातीइतकं उंच एक नळकांडं, वजन पंचवीस किलोच्या आसपास, डोक्यावर अँटेना. त्याला मोटर नाही, पंखा नाही, सुकाणू नाही. प्रवाह नेईल तिकडे जायचं. त्याला करता येतं ते एकच काम, खाली जाणं आणि वर येणं. आणि ते कसं करतो, ते तुम्हा सगळ्यांना येतं. नववीत सरांनी प्रयोगशाळेत साध्या पाण्यात अंडं बुडवलं होतं आणि मग त्याच पाण्यात मीठ ढवळून तेच अंडं तरंगवलं होतं. आपल्यापैकी अर्ध्यांचं लक्ष त्या अंड्याचं पुढे काय होणार याकडे होतं. आर्किमिडीजचं तत्त्व: वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. सरांनी पाणी जड केलं. फ्लोट स्वतःचं आकारमान बदलतो. त्याच्या पोटात थोडं तेल असतं आणि तळाशी बाहेरच्या बाजूला रबराची पिशवी. पंप तेल त्या पिशवीत ढकलतो, पिशवी फुगते, वजन तेवढंच राहून आकारमान वाढतं, आणि फ्लोट वर निघतो. तेल आत ओढलं की खाली. साधारण पाव लिटर तेलाचा हा खेळ आहे. एवढ्यावर तो दोन किलोमीटर खाली जाऊन परत येतो.

त्याचा दिनक्रम दहा दिवसांचा असतो. समुद्रात सोडला की तो हजार मीटरवर जातो आणि नऊ-एक दिवस तिथल्या प्रवाहाबरोबर वाहत राहतो. मग दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतो. तिथे दाब आपल्या हवेच्या दोनशे पट. तिथून तो वर यायला लागतो, सेकंदाला दहा सेंटिमीटर या चालीने, म्हणजे तासाला साडेतीनशे मीटर. पाच-सहा तासांच्या या चढणीत तो तापमान, क्षारता आणि दाब मोजत येतो. अरबी समुद्रात त्याला तळाकडे तीन अंशांच्या आसपास तापमान मिळतं, हजार मीटरवर आठ-नऊ, आणि मे महिन्यात वर आल्यावर तीस. पृष्ठभागावर तो सगळं आकाशाकडे पाठवतो आणि पुन्हा खाली. बॅटरी टिकेल तोवर, साधारण चार-पाच वर्षं, हेच.

वर यावंच लागतं, कारण खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. पाण्याखाली फोन नाही, जीपीएस नाही. नऊ दिवस तो कुठे होता हे आम्हालाही ठाऊक नसतं, आणि त्यालाही. मागच्या खेपेला कुठे वर आला आणि या खेपेला कुठे, एवढंच कळतं. पण त्या दोन ठिपक्यांवरून हजार मीटर खालचा प्रवाह कुठे आणि किती वेगाने वाहतो हे काढता येतं. वसतिगृहात ठेवलेला मुलगा दहा दिवसांनी एक आंतरदेशीय पत्र टाकतो आणि घरच्यांना त्यावरून सगळं ओळखावं लागतं, तसं काहीसं.

सुरुवातीच्या फ्लोटचं पत्र फारच तुटक असायचं. तेव्हा बहुतेक फ्लोट 'आर्गोस' नावाच्या फ्रेंच-अमेरिकन व्यवस्थेतून बोलायचे. साडेआठशे किलोमीटरवरून ध्रुवांना फेऱ्या मारणारे थोडेसे उपग्रह. उपग्रह डोक्यावर आला तर संदेश पोचणार, आणि एका संदेशात मावणार जेमतेम तीसेक बाइट. पोचला की नाही हे फ्लोटला कळायची सोय नाही, म्हणून तो तेच तेच पुन्हा बोलत राहायचा. आठ-दहा तास पाण्यावर डोलत पडायचा. तेवढ्या वेळात वारा त्याला भलतीकडे ढकलणार, शेवाळ चिकटणार, एखादी बोट येऊन धडकणार. आता बरेच फ्लोट 'इरिडियम'च्या उपग्रहांशी बोलतात. ते ६६ आहेत, सगळी पृथ्वी झाकतात, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि दोन-दोन मीटरच्या अंतराने घेतलेली मोजमापं येतात. मोठा फरक म्हणजे आता उलट बोलता येतं. वादळ येतंय असं दिसलं, तर त्या भागातल्या फ्लोटला 'दहा दिवस थांबू नकोस, रोज वर ये' असा निरोप देता येतो. पहिल्यांदा असा निरोप गेला आणि फ्लोटने ऐकलं, तेव्हा मला जे वाटलं ते सांगून कळणार नाही. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना कदाचित कळेल.

उपग्रहाकडून जमिनीवरच्या केंद्राकडे, तिथून हैदराबादला. संगणक ठरावीक तपासण्या करतो आणि चोवीस तासांच्या आत ती नोंद जगातल्या हवामान खात्यांच्या जाळ्यात जाते, शिवाय फ्रान्समधल्या ब्रेस्ट आणि अमेरिकेतल्या मॉन्टेरे इथल्या जागतिक साठ्यांत. आणि ती सगळ्यांना खुली असते. विद्यापीठ असो, नौदल असो, मुलुंडच्या कॉलेजातली मुलगी असो. पैसे नाहीत, अर्ज नाही. तीसेक देश यात आहेत. त्यातल्या कित्येकांचं आपसात एरवी पटत नाही. या एका कामात पटतं.

आता जरा मागे जाते, कारण ही कल्पना कुठून आली ते मला आवडतं. १९५५ मध्ये इंग्लंडच्या जॉन स्वॅलो यांनी बांधकामाच्या परांचीला वापरतात तसले अ‍ॅल्युमिनियमचे नळ घेऊन पहिला फ्लोट केला होता. तो खोल पाण्यात ठरल्या जागी तरंगत राहायचा आणि आवाज करायचा. जहाजाने त्याच्या मागे मागे फिरत तो आवाज ऐकायचा. पुढे अमेरिकेत हेन्री स्टॉमेल नावाच्या मोठ्या समुद्रशास्त्रज्ञाने एक काल्पनिक लेख लिहिला. त्यात २०२१ साल आहे आणि हजार स्वयंचलित यंत्रं जगभर समुद्रात वरखाली करत उपग्रहांमार्फत खबर पाठवताहेत. तो लेख छापून आला १९८९ मध्ये. आपण इथे दहावीच्या पेपरांची रिव्हिजन करत होतो, तेव्हा. त्याच्या कल्पनेपेक्षा काम लवकर झालं. १९९९-२००० च्या सुमारास 'आर्गो' या नावाने ही जागतिक मोहीम सुरू झाली, भारताने २००२ पासून फ्लोट सोडायला घेतले, नोव्हेंबर २००७ मध्ये तीन हजारांचा आकडा गाठला गेला. आज चार हजारांच्या आसपास आहेत, साधारण तीनशे किलोमीटरला एक.

आपल्याकडे त्याआधी जे होतं ते जहाजांवर होतं. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, चाळीसहून अधिक जहाजं होती, आणि तिचं हवामानकेंद्र आपल्या कुलाबा वेधशाळेत होतं. त्या मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. आज ती गोव्यात आहे, दोना पावलाला. तिचं मुंबईचं प्रादेशिक केंद्र अंधेरीला चार बंगल्याच्या पुढे लोखंडवाला रस्त्यावर आहे. आपल्यातले अनेक जण त्यावरून रोज जातात आणि समोर काय आहे हे त्यांना माहीत नसतं. मी कामाला लागले ती गोव्यातच. तिथे पहिल्यांदा जहाजावर गेले आणि पहिले दोन दिवस बादली सोडली नाही.

जहाज चांगलंच असतं, पण ते एकदा जातं आणि परत येतं. आणि पावसाळ्यात जात नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, त्यामागे माशांच्या विणीइतकंच उधाणलेला समुद्र हेही कारण आहे. म्हणजे ज्या महिन्यांत अरबी समुद्र आपल्या सगळ्यांचं नशीब ठरवत असतो, नेमक्या त्याच महिन्यांत त्याच्याकडे बघायला कोणी नसायचं. फ्लोटला पावसाळा अडवत नाही. हजार मीटरवर लाटा नसतात.

यातून काय कळतं? मुलुंडची माणसं म्हणून तुम्हाला मिठापासून सांगते. कांजूर-भांडुप-मुलुंडची मिठागरं आपण गाडीच्या दारातून बघत मोठे झालो. ते पाणी खाडीचं, त्याआधी समुद्राचं. भूगोलात 'सरासरी क्षारता ३५ दर हजारी' असं पाठ केलं होतं. पण अरबी समुद्र ३६ च्या घरात जातो, कारण तिथे पाण्याची वाफ फार होते आणि नद्या कमी मिळतात. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा येऊन पडतात, तो उत्तरेला ३३ च्याही खाली उतरतो. एकाच देशाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या चवीचे समुद्र. आणि ते एकमेकांत मिसळतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत एक प्रवाह आहे, पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटा, उत्तरेकडे. त्यावर गोव्याच्या संस्थेत डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूलभूत काम केलं आहे. हिवाळ्यात हा प्रवाह बंगालच्या उपसागराकडचं कमी खारं पाणी केरळ-कर्नाटकाकडे घेऊन येतो. फ्लोटने चढताना घेतलेल्या नोंदीत आणखीही पाहुणे दिसतात: तीनशे मीटरच्या आसपास इराणच्या आखातातून आलेलं जास्त खारं पाणी, आणखी खाली तांबड्या समुद्राचं. हजारो किलोमीटर चालत आलेलं पाणी स्वतःची ओळख क्षारतेत राखून असतं.

आणि वादळं. मे २०२१ मधलं तौक्ते सगळ्यांना आठवत असेल, १७ मेचा सोमवार. इथून पश्चिमेला समुद्रातून ते वर सरकलं आणि रात्री गुजरातला धडकलं. बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला, सत्तरहून अधिक माणसं गेली. तो इशारा का पाळला गेला नाही याचा निवाडा करणं माझं काम नाही. इशारा मात्र आधी दिलेला होता. इशारा देणाऱ्याला काय लागतं ते सांगते. वादळ गरम पाण्यावर पोसतं हे सगळ्यांना माहीत आहे. उपग्रह समुद्राचं तापमान बघतो, पण त्याला दिसते ती फक्त कातडी. वादळ आलं की ते पाणी घुसळतं. गरम थर वीस-तीस मीटरच असेल तर घुसळल्यावर खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळाचा जोर ओसरतो. तोच थर ऐंशी-शंभर मीटर असेल तर घुसळून वर येतं तेही गरमच. कातडी दोन्हीकडे तीस अंश दाखवणार. थराची जाडी सांगणार फ्लोट. मान्सूनचा लांब पल्ल्याचा अंदाज करतात त्यातही हेच: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जी प्रारूपं वापरतात, त्यांना सुरुवात करताना समुद्राची आतली अवस्था द्यावी लागते, आणि ती हैदराबादहून जाते.

आता माझं स्वतःचं काम, ज्याच्यासाठी मला खरं तर बोलावलं. मी फ्लोट बनवत नाही. मी त्यांच्या नोंदी तपासते. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, घरीही कोणी ऐकत नाही. पण हे मला या शाळेत शिकवलेलं आहे आणि ज्यांनी शिकवलं त्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगणारच.

गच्चीवर पर्जन्यमापक होता, आठवतो? भूगोलाच्या बाईंनी बसवला होता. दोघांदोघांची पाळी लावली होती, रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं आणि जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं. रविवारी शाळा बंद. सोमवारी भांड्यात दोन दिवसांचं पाणी मिळायचं. आमच्या जोडीने एकदा डोकं चालवून ते निम्मं निम्मं करून रविवार भरून टाकावा असा बेत केला. बाईंना विचारायला गेलो. बाई, तुम्ही तेव्हा रागावला नाहीत. तुम्ही म्हणालात, रविवारचा रकाना रिकामा ठेवा आणि सोमवारपुढे 'दोन दिवसांचं' असं लिहा. रिकामा रकाना बघून पुढच्याला कळेल की इथे कोणी नव्हतं. भरलेला खोटा रकाना बघून कधीच कळणार नाही.

आम्ही आज जगभर नेमकं हेच करतो. प्रत्येक नोंदीपुढे एक अंक लावतो: १ म्हणजे चांगली, २ म्हणजे बहुधा चांगली, ३ बहुधा वाईट, ४ वाईट, ९ म्हणजे नोंदच नाही. वाईट नोंद पुसत नाही. फ्लोटने जे मुळात सांगितलं ते एका रकान्यात तसंच राहतं, आणि आम्ही दुरुस्त केलेलं शेजारच्या रकान्यात. पुढे कोणाला वाटलं की दुरुस्ती बरोबर नव्हती, तर त्याला मूळ आकडा हाताशी असतो.

अवघड जागा अशी असते. फ्लोट चार वर्षं समुद्रात. क्षारता मोजायला पाण्याची वीजवाहकता मोजतात, एका बारीक नळीत. नळीत सूक्ष्म जीव चिकटले की माप सरकायला लागतं, पाणी आहे त्यापेक्षा गोडं दाखवतं. कधी नळीचाच दोष असतो आणि उलटं, खारं दाखवतं. आता माझ्यासमोर केरळच्या पश्चिमेचा एक फ्लोट आहे आणि डिसेंबरपासून तो गोडं पाणी दाखवतोय. हे यंत्र म्हातारं झालं, की ते मघाचं बंगालचं पाणी आलं? दोन्ही शक्य आहे. चुकून यंत्राला खरं मानलं तर समुद्रात नसलेला बदल नोंदला जाणार. चुकून समुद्राला यंत्राचा दोष मानलं तर खरा बदल मी स्वतःच्या हाताने पुसणार. अशा वेळी खाली बघायचं. दीड-दोन हजार मीटरवरचं पाणी वर्षानुवर्षं जवळपास तसंच असतं. तिथली क्षारता जागच्या जागी असेल आणि फक्त वरची बदलली असेल, तर तो समुद्र. वर, मध्ये, तळाशी सगळीकडे आकडा सारखाच सरकला असेल, तर ते यंत्र. मग शेजारचे फ्लोट, जवळून गेलेल्या जहाजाची मोजमापं, सगळं समोर ठेवून ठरवायचं. एका फ्लोटवर कधी दोन दिवस जातात. त्या फ्लोटच्या बाबतीत तळ जागच्या जागी होता. पाणीच आलं होतं.

हे किती महागात पडू शकतं त्याची एक खरी हकिकत आहे. २००६ मध्ये अमेरिकेत जॉन लायमन आणि सहकाऱ्यांनी शोधनिबंध लिहिला की २००३ ते २००५ या काळात वरचा समुद्र थंड झाला. जगभर खळबळ. पृथ्वीवर साठणारी जास्तीची नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रात जाते, आणि समुद्र थंड होत असेल तर मग सगळंच गणित चुकलं की काय! तापमानवाढ वगैरे थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांना तर आयतं कोलीत मिळालं. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच जॉश विलिस यांनी शोधून काढलं की एका प्रकारच्या काही फ्लोटमध्ये नोंदी भलत्याच खोलीशी जोडल्या जात होत्या. जुन्या पद्धतीच्या, जहाजातून टाकायच्या मोजयंत्रांचाही वेगळा दोष निघाला. समुद्र थंड झालेला नव्हता. त्यांनी तसं २००७ मध्ये जाहीर केलं. मला यात त्यांची फजिती दिसत नाही. मूळ आकडे जपून ठेवलेले होते आणि खुले होते, म्हणून ते सापडलं. आकडे दुरुस्त करून मूळ फेकून दिले असते तर आपण आजही त्यावर भांडत बसलो असतो.

दोन प्रश्न ग्रुपवर आले होते, त्यांची उत्तरं देते. पहिला: बॅटरी संपल्यावर या नळकांड्यांचं काय होतं? बहुतेक बुडतात, तळाशी जातात. परत आणायला जहाज पाठवलं तर त्याच्या इंधनात कित्येक फ्लोट बनतील. म्हणजे आम्हीही समुद्रात कचरा टाकतो, आणि ते मी नाकारणार नाही. प्रमाण बघितलं तर एखाद्या मोठ्या मालवाहू जहाजावरून पडणाऱ्या कंटेनरांपुढे ते नगण्य आहे, आणि मिळतं त्या मानाने मला सौदा पटतो. पण पटतो म्हणजे निर्दोष आहे असं नाही. आणि जे किनाऱ्याला लागतात किंवा जाळ्यात येतात, ते कोणाला सापडले तर कृपा करून उघडू नका. आतला दाब आणि बॅटरी धोक्याची असू शकते. अंगावर पत्ता लिहिलेला असतो.

दुसरा प्रश्न बोरिवलीच्या बाजूला राहायला गेलेल्यांनी विचारला: गोराई-वर्सोव्याच्या समुद्राबद्दल तुमचा फ्लोट काय सांगतो? काहीच नाही. भूगोलातली समुद्रबूड जमीन आठवते? मुंबईसमोर ती दोनशे-तीनशे किलोमीटर पसरली आहे आणि तिथे पाणी शंभर मीटरही खोल नसतं. दोन हजार मीटर बुडी मारणारा फ्लोट तिथे चालत नाही, गाळात रुतेल. आमचा समुद्र सुरू होतो तो त्या काठाच्या पलीकडे. किनाऱ्याजवळची मापं वेगळ्या साधनांनी, वेगवेगळ्या संस्था घेतात, पण इतकी सलग, इतकी उघडी नोंद तिथली नाही असं माझं मत आहे, आणि हे मत मी कार्यालयातही मांडते. हजार किलोमीटर दूरच्या पाण्याची दर दहा दिवसांची कुंडली माझ्याकडे आहे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून बोट जिथे जाते तिथल्या पाण्याची नाही.

आणि गाड्या बंद पडणार का, तेही मला सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. त्याच शहरात, त्याच दिवशी. ते ढग समजून घ्यायचे तर समुद्र मोजून पुरत नाही, गल्लोगल्ली पाऊस मोजलेला लागतो, आणि जुना मोजलेला लागतो.

म्हणून बाई, माझी एक मागणी आहे, तुमच्याकडे आणि शाळेच्या कार्यालयाकडेही. ती जाड पुठ्ठ्याची वही. माझ्या आठवणीप्रमाणे आमच्या आठवीपासून दहावीपर्यंत ती रोज भरली जात होती, म्हणजे १९८६ च्या पावसाळ्यापासून तीन पावसाळे तरी. आमच्यानंतरच्या तुकड्यांनी पुढे चालू ठेवली असेल तर आणखी. ती भूगोलाच्या कपाटात असायची, खालून दुसरा कप्पा, नकाशांच्या गुंडाळ्यांच्या मागे. शाळेची इमारत दुरुस्त झाली तेव्हा कपाटं हलली हे मला कळलं आहे. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत, रद्दीत द्यायच्या गठ्ठ्यात ती असेल तर मला फोन करा. पानं फाटलेली असतील, शाई पुसली असेल, तरी चालेल. रविवार रिकामे असतील, ते तसेच राहू द्या. मी उद्या संध्याकाळपर्यंत मुलुंडलाच आहे.